रुग्णाशी संवाद : असमाधानकारक

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार जाऊ देत. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागद मधेच कापता येत नाही. फाडता येतो, पण त्यासाठी आधी पाकीट उघडावं लागतं, आणि उघडलंस की तू वाचणार. एवढं मी तुला ओळखते.

मी परत नापास झाले. दुसऱ्यांदा. घे, आता हस मनसोक्त.

लेखीत नाही हं. लेखी केव्हाच सुटले, तेही चांगल्या मार्कांनी. घोडं पेंड खातंय ते प्रॅक्टिकलला. इथे नर्सचं लायसन हवं असेल तर एका मोठ्या हॉलमध्ये पडदे लावून केलेल्या खोल्यांतून फिरावं लागतं. प्रत्येक पडद्यामागे एक पलंग, पलंगावर एक रबरी पुतळा, आणि कोपऱ्यात खुर्चीवर मांडीवर कागद घेऊन बसलेला परीक्षक. पुतळ्याला काय झालंय ते बाहेर कार्डावर लिहिलेलं असतं. ते वाचायचं, आत जायचं आणि जे करायचं ते करायचं. नाडी बघा, ड्रेसिंग बदला, सुई द्या. मी तिकडे वॉर्डात अकरा वर्षं दुसरं काय केलं? डोळ्यांवर पट्टी बांधली तरी करीन.

आणि निकालाच्या कागदावर काय लिहिलंय सांगू? 'कृती : योग्य. स्वच्छता : योग्य. रुग्णाशी संवाद : असमाधानकारक.' आणि खाली, नापास.

रुग्ण! अगं, रबराचा आहे तो! डोळे रंगवलेले आहेत, मानेला सांधा आहे, आणि एका पुतळ्याचा अंगठा तर कुणीतरी चिकटपट्टीने बसवला होता. त्याच्याशी मी काय बोलू? काय म्हणताय, घरची मंडळी बरी ना? पहिल्या वेळीही हाच शेरा होता. तेव्हा मी म्हटलं परीक्षक खडूस होता, जाऊ दे. या वेळी बाई होती, हसरी होती, मला बघून 'घाबरू नका' म्हणाली. तिनेही तेच लिहिलं. हसत हसत लिहिलं असेल.

आता एकच संधी उरली. तीनदाच बसू देतात. तिसऱ्यांदा आपटले की इथे राहायचा तात्पुरता परवाना संपला, आणि बॅग उचलून परत. परत म्हणजे तुझ्या दारात. तू दार उघडणार, एक शब्द बोलणार नाहीस, नुसती माझ्याकडे बघणार. ते बघणं मला सहन होणार नाही, स्पष्टच सांगते.

आईला यातलं काही सांगू नकोस. निकाल लांबलाय म्हणावं. बाकी माझं छान चाललंय. नोकरी चांगली आहे. सगळे मला सिस्टर म्हणतात.

धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. मी वाटही बघत नव्हते.

शेजारच्या काकूंच्या फोनवर आईशी बोलले. आवाज बरा वाटला. काकू म्हणाल्या, आता आईला खिडकीजवळ खुर्चीत बसवता येतं, आणि तू तिला दिवसातून कितीदा तरी कुशीवर वळवतेस, पाठीला एक ओरखडा नाही. मला माहीत होतं. एवढे महिने अंथरुणावर असलेल्या माणसाची पाठ तशी राहायला काय लागतं हे मला कुणी सांगायला नको. हे मी तुझं कौतुक करत नाहीये. नोंद घेतेय.

मागच्या पत्रात मी लिहिलं की सगळे मला सिस्टर म्हणतात. सगळे म्हणजे एक आजी, आणि ती कपाटालाही सिस्टर म्हणते.

खरं सांगायचं तर माझ्या छातीवर बिल्ला आहे 'मदतनीस' असा. हा दवाखाना नाहीच, वृद्धांचं निवासगृह आहे. एक लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक दारावर एक दिवा. कुणी घंटी दाबली की दिवा लागतो आणि आम्ही धावतो. अंघोळी घालायच्या, चादरी बदलायच्या, भरवायचं, बेडपॅन द्यायचं, घ्यायचं, धुवायचं. औषधाच्या गोळीला मी हात लावायचा नाही. कुणाचं ड्रेसिंग सुटलं तर बघत उभं राहायचं आणि मोठ्या सिस्टरना हाक मारायची. मोठ्या सिस्टर माझ्याहून लहान आहेत वयाने. त्यांचं काम चोख आहे, हेच तर दुखतं. कच्चं असतं तर मनातल्या मनात नावं तरी ठेवली असती.

खोलीत माझ्याबरोबर एक मुलगी राहते. माझ्यानंतर आली आणि पहिल्या फटक्यात पास झाली, म्हणून मी तिला टॉपर म्हणते. तोंडावर नाही. मनाने चांगली आहे गं, पण सल्ले देते. दात घासता घासता सल्ले, मोजे घालता घालता सल्ले. काल म्हणाली, तो पुतळा आहे हे विसरूनच जायचं, आपलंच माणूस झोपलंय समजायचं आणि बोलत सुटायचं. मी म्हटलं, माझं आपलं माणूस माझा फोनसुद्धा उचलत नाही. तिने तोंडातला फेस थुंकला आणि चूळ भरत राहिली. तेवढीच शांतता मिळाली दिवसभरात.

कोपऱ्यातल्या खोलीत एक आजोबा आहेत. पूर्वी गाडीच्या लायसनची परीक्षा घ्यायचे. शेजारी बसून शिकाऊ लोकांना रस्त्यावर फिरवायचं आणि नापास करायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता पाय चालत नाहीत, शुगर आहे, पण सवय गेलेली नाही. सकाळी मी चादर ताणून बसवली की सांगतात, “चादर पास, चेहरा नापास.” आम्ही त्यांना नापास आजोबाच म्हणतो. माझं पितळ त्यांच्यापुढे कसं उघडं पडलं कोण जाणे, टॉपरचंच काम असणार. आल्या आल्या म्हणाले, ऐकलं तुम्हीही आमच्याच गोतावळ्यातल्या झालात.

मला राग यायला हवा होता. हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून लिहिलं.

धाकटी


११ मार्च

ताई,

आज भांडायला बसलेय, तेव्हा पाणी पिऊन घे.

परवा नापास आजोबांची दाढी करत होते. मी विचारलं, तुम्ही सगळ्यात जास्त कुणाला नापास केलंत? मला वाटलं म्हणतील, ब्रेकच्या जागी भलतंच दाबणारे. तर म्हणाले, छे, ते तर आपोआपच होतात. मला त्रास दिला चांगल्या चालवणाऱ्यांनी. वर्षानुवर्षं चालवलेले, हात साफ, वळण असं घ्यायचे की पोटातलं पाणी हलणार नाही. पण वळताना ना हात बाहेर, ना दिवा, ना मान वळवणं. विचारलं की म्हणायचे, आरशात बघितलं की, मागे कुणी नव्हतं.

“तुम्ही बघितलंत, बरोबर आहे. पण तुम्ही काय करणार आहात ते मागच्याला कळलं का? तो सिग्नल परीक्षकासाठी नसतो, बाई. मागच्यासाठी असतो.”

मी म्हटलं, माझा मागचा रबराचा आहे. ते म्हणाले, मग रबराला कळवा. अर्धी दाढी साबणात, आणि मला शिकवतायत.

मला तिथे काही पटलं नाही. पण दुपारी एका आजींना मी कुशीवर वळवलं, माझ्या नेहमीच्या पद्धतीने, पटकन, हात खाली सरकवून, एकही आवाज न करता, आणि त्या केवढ्या दचकल्या. हाताने हवेत काहीतरी धरायला गेल्या. रोजच दचकत असतील. मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आता भांडण. ही गप्प राहायची खोड मला लावली कुणी? तू. आई कामावर असायची, घर तुझ्या ताब्यात, आणि मी शाळेतून आल्यावर काही सांगायला तोंड उघडलं की तुझं ठरलेलं वाक्य, 'तोंड नको चालवूस, हात चालव.' भांडी घासताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. बाबा गेले तेव्हा पाहुणे बसले होते, मी दारामागे रडत होते, तेव्हाही तू माझ्या हातात पाण्याचे पेले दिलेस आणि तेच म्हणालीस. मी हात चालवले. वॉर्डात गेले तर तिथे एवढ्या पलंगांना मी एकटी, बोलत बसले असते तर निम्म्यांची सलाईन रिकामी झाली असती. डॉक्टर म्हणायचे, ही आली-गेली कळत नाही, अशी नर्स पाहिजे. मी ते शाबासकी म्हणून घरी येऊन तुला सांगितलं होतं. आठवतं? तू हसली होतीस. तू हसतेस कधी? म्हणून लक्षात आहे.

तर आता त्याच गुणासाठी मला नापास करतायत, दोन वेळा. निकालावर माझं नाव आहे, पण ती शिकवण तुझी आहे. अर्धा शेरा तू वाटून घे.

असो. नापास आजोबा पुतळा व्हायला तयार झालेत. दुपारी सगळे पडलेले असतात तेव्हा माझी सुट्टीची वेळ असते, तेव्हा मी त्यांच्या खोलीत जाते. ते डोळे मिटून हात बाजूला ठेवून पडतात आणि मी सगळं बोलून करायचं. नुसतं खोटं खोटं, सुई नाही की काही नाही. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, 'मी आता तुमचा, हे, हात.' पुढे गाडी जाईना. पुतळा डोळे न उघडता म्हणाला, “इंजिन सुरू झालं की बंद पडलं?”

पुतळा म्हणून ते अगदी टाकाऊ आहेत. दर वाक्याला उत्तर देतात.

धाकटी


२ एप्रिल

ताई,

पुतळा प्रकरण बंद झालं. आता सांगते ते नीट वाच, आणि काकूंकडे बोलू नकोस.

मागच्या आठवड्यात दुपारी मी गेले, तर नापास आजोबा आधीच डोळे मिटून पडलेले. मी माझं नाव सांगितलं, त्यांचं विचारलं. उत्तर नाही. मी खूश. म्हटलं वा, आज पुतळा सुधारला. मी अगदी ठसक्यात म्हटलं, आजोबा, मी तुमची नाडी बघणार आहे, त्यासाठी तुमचं मनगट धरते. धरलं. मनगट गार, घामाने चिंब.

आणि ताई, मी पुढचं वाक्यही बोलले. 'हात थोडा ओला लागतोय, पुसून घेऊ या.' म्हणजे माझ्या बोटांना कळलं होतं आणि तोंड अजून परीक्षेतच होतं. अकरा वर्षांत माझ्या हाताने असा माणूस ओळखायला एवढासुद्धा वेळ लावला नव्हता. मग मी घंटी दाबली आणि दाबूनच धरली. सकाळी शुगरचं इंजेक्शन झालं होतं आणि जेवणाचं ताट त्यांनी तसंच बाजूला सारलं होतं, ते झाकणाखाली तसंच होतं. काय झालंय, काय द्यायला हवं, सगळं मला समोर दिसत होतं. औषधाची पेटी भिंतीवर, चावी मोठ्या सिस्टरच्या कमरेला, आणि माझ्या छातीवर मदतनीसचा बिल्ला. मी फक्त त्यांना कुशीवर वळवलं, तोंड मोकळं ठेवलं आणि बोलत राहिले. मुद्दाम नव्हते बोलत. थांबताच येईना. आजोबा, मी तुम्हाला वळवतेय, माझा हात तुमच्या पाठीला आहे, सिस्टर येतायत, मी कुठे जात नाही. मोठ्या सिस्टर आल्या, सुई दिली. थोड्या वेळाने आजोबांनी डोळे उघडले.

ते बरे आहेत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, शब्द काही कळत नव्हते, पण कुणीतरी आहे आणि ते माझ्याशीच बोलतंय एवढं कळत होतं. मग म्हणाले, ताट मीच ढकललं, नापास मी.

पण त्यांनी म्हटलं म्हणून काय होतंय? मोठ्या सिस्टरनी मला ऑफिसात बोलावलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं होतं. म्हणाल्या, निवाशांचा सरावासाठी उपयोग करायचा नाही, आणि जे लगेच लक्षात यायला हवं होतं ते खेळामुळे उशिरा लक्षात आलं. एकही शब्द खोटा नव्हता. माझी ड्युटी वरच्या मजल्यावर लावली. त्या खोलीत परत जायचं नाही असं बजावलं.

मी खोलीवर आले आणि पलंगाखालून बॅग ओढली. भरली पण. स्वेटर, पुस्तकं, चपला, सगळं कोंबलं. टॉपर पलंगावर पाय वर घेऊन बघत बसली होती. तिने एकही सल्ला दिला नाही, त्यावरून काय ते समज.

खूप वैताग आलाय, ताई. मला येत नाही म्हणून हरले असते तर शिकले असते. मला येतं. आणि जे येतं ते करायला परवानगी नाही, आणि जे करायचं त्याचा सराव करायला गेले तर एक माणूस हातचा जात होता. एवढ्या लांब येऊन मी काय मिळवलं? तू दारात उभी राहून म्हणाली होतीस, दुसऱ्यांच्या आयांच्या पाठी पुसायला चालली आहेस, आणि इथे तुझी आई पडली आहे. मी म्हटलं होतं, तिथे निदान कुणी आभार तरी मानतं. तेव्हापासून तू बोलत नाहीस. तर ऐक, इथेही कुणी मानत नाही. आणि तरी मला हेच काम करायचंय. दुसरं मला काही करायचंच नाही. मी तुझ्यावर चिडून आले नव्हते गं, मला मोठ्या दवाखान्यात काम करून बघायचं होतं, एकदा तरी. तू तेव्हा विचारलंच नाहीस, आणि मलाही कुठे सांगता आलं.

बॅग परत उघडली. का, तर दार उघडताना तुझा चेहरा कसा होईल ते दिसलं. त्या चेहऱ्यानेच मला इथे धरून ठेवलंय. आभार मानत नाही.

धाकटी


२६ एप्रिल

ताई,

उद्या परीक्षा.

आजोबा गेल्यावर, म्हणजे माझ्या हातून गेल्यावर, गैरसमज नको, ते ठणठणीत आहेत आणि वरच्या मजल्यावर मला निरोप पाठवतात, 'सिग्नल द्या' म्हणून. तर ते गेल्यावर मी दोन उशा एकावर एक ठेवून त्यांना स्वेटर घातला. टॉपर कामावर गेली की दार लावून सराव. उशीशी बोलायला गेले की हाक काय मारायची इथेच अडायचं. अहो म्हणू, काका म्हणू, मावशी म्हणू, काही जमेना. उशी ती उशी.

मग एकदा चिडून टॉपरचा सल्ला आठवला. आपलंच माणूस समजायचं. आता मला सांग, मी इतके महिने बोलतेय, लिहितेय, आणि समोरून हूं नाही की चूं नाही, असं माझं कोण आहे?

मी उशीला म्हटलं, ताई. आणि मग तोंड असं सुटलं म्हणतेस! ताई, मी आलेय. ताई, हात धुतले आहेत, गार लागतील. आता तुझ्या दंडाला पट्टा बांधते, आवळेल, घाबरू नकोस. आता तुझी पाठ बघते. दुखलं तर सांग. तू कसली सांगतेस म्हणा. पाठ दुखते का तुझी? आईला एकटी उचलतेस रोज, दुखत असणारच. कुणी चोळून देतं का?

मग मला थोडा वेळ बसावं लागलं. स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं, म्हणजे तुझ्याच.

या वेळी नाही झाले तर येते परत. दार उघड, एवढंच. बघायचं ते बघ.

धाकटी


२९ एप्रिल

ताई,

झाली.

बाहेरच्या बाकावर सगळ्या पोरी ओठ हलवत बसल्या होत्या, माझ्याहून कितीतरी लहान. एकीने विचारलं, तुम्ही कुणाला सोडायला आलात का? मी म्हटलं, हो, स्वतःला.

पहिल्या पडद्यामागे मी मोठ्याने म्हटलं, मी हात धुतेय. इतकं खुळ्यासारखं वाटलं की कान तापले. पण मग एकेक करत पुढे गेले. नाव विचारलं, मनगटावरची नावाची पट्टी बघितली, कार्डाशी जुळवली. सुई देताना सांगितलं, ड्रेसिंग काढताना सांगितलं. कुठे अडखळले, कुठे वाक्य उलटं पडलं. एके ठिकाणी पुतळ्याला दोनदा 'दुखतंय का' विचारलं आणि उत्तरासाठी थांबले सुद्धा. परीक्षकही थांबला.

शेवटच्या पडद्यामागे तीच हसरी बाई. काम काय होतं सांगू? अंथरुणावरच्या रुग्णाला कुशीवर वळवून पाठ तपासायची. मला तिथेच रडू यायच्या बेतात होतं. नाव, पट्टी, कार्ड, सगळं नीट केलं. आणि मग मी वाकले, हात खाली घातला, आणि माझ्या तोंडून निघालं, “ताई, आता तुला माझ्याकडे वळवते हं. मी धरलंय, पडणार नाहीस.”

नुसतं तेवढंच नाही. थांबलेच नाही. पाठ छान ठेवली आहेस, ताई. टाचेखाली उशी देते. घाई नाही. तुला आणखी काही हवंय का? मी आहे इथे.

पडद्याबाहेर आले तेव्हा लक्षात आलं. कार्डावर एक गृहस्थ होते. पुतळ्याला मिशी रंगवलेली होती, ताई. आणि आत असताना त्या बाईचं पेन मधेच थांबलेलं मी बघितलं होतं.

संपलं बहुतेक. अकरा वर्षांची नर्स, आणि मिशीवाल्याला ताई म्हणून आली. बॅग पलंगाखालीच आहे.

धाकटी


१८ मे

ताई,

कागद समोर ठेवलाय, जसाच्या तसा उतरवते.

'कृती : योग्य. स्वच्छता : योग्य. रुग्णाशी संवाद : समाधानकारक.' उत्तम नाही हं, समाधानकारक. मेल्यांच्या हातून शाई सुटत नाही. आणि खाली त्या हसऱ्या बाईच्या अक्षरात, 'रुग्णाला चुकीच्या नात्याने संबोधले. एक गुण वजा.'

आणि त्याखाली, पास.

टॉपर नाचली. मी नाही नाचले, मी पलंगावर बसून राहिले. मग वरच्या मजल्यावर कामाला गेले, कारण चादरी वाट बघत नाहीत. मोठ्या सिस्टर व्हरांड्यात भेटल्या, म्हणाल्या, बिल्ला पुढच्या महिन्यात बदलून मिळेल, आणि मग माझा हात हातात घेऊन पटकन सोडला. नापास आजोबांना भेटायची परवानगी मागितली. मिळाली. मी म्हटलं, पास. ते म्हणाले, ऐकू नाही आलं. मी परत म्हटलं. ते म्हणाले, अजून ऐकू नाही आलं. बहिरे नाहीत ते, सांगून ठेवते.

आता मोठ्या दवाखान्यात अर्ज करणार. इथे राहायचं की तिकडे यायचं ते पुढे बघू. पण आले तर लायसन घेऊन येईन, आणि मग तुझ्याकडे कसं बघायचं ते मीही ठरवीन.

आईला आता सांगितलंस तरी चालेल.

धाकटी


२ जून

धाकटे,

मला लिहिता येत नाही तुझ्यासारखं. अक्षर लागलं नाही तर काकूंना फोनवर विचार.

सगळी पत्रं मिळाली. सगळी आईला वाचून दाखवली, पहिल्यापासून. आईला सांगू नकोस असं लिहिलं होतंस तेही वाचलं. मला गाळता येत नाही. तुझ्या निकालाचं पाकीट मी उघडेपर्यंत तिने अन्न गिळलं नाही, तिलाही समज दे.

शेरा अर्धा वाटून घ्यायला सांगितलास. घेतला. तो एक गुणही माझ्याकडे टाक.

मिशीचं वाचल्यावर आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, ती पोर तिकडे रबराच्या बाहुल्याशी बोलायला शिकली, आणि तू दिवसभर माझ्याजवळ असून तोंड उघडत नाहीस. मी रबराची आहे का?

आता तिला वळवायच्या आधी सांगते. पहिले दोन दिवस मलाही खुळ्यासारखं वाटलं. तिने दचकणं सोडलंय. ती दचकायची हे मला माहीत नव्हतं.

पाठ दुखते. कुणी चोळून देत नाही.

फोन रविवारी कर, उचलते. मला काय बोलावं ते सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी गप्प बसले तर कापला असं समजू नकोस. तू बोलत राहा.

ताई